यंत्राचं कपाळ

शिक्षणाचा इतिहास म्हणजे मानवजातीने अंधाराकडून प्रकाशाकडे केलेला प्रवास होय. हे वाक्य माझंच आहे. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला त्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं. पाहुण्यांनी ते दोनदा वाचलं, कारण मध्येच टाळ्या पडल्या आणि त्यांची ओळ चुकली. प्रत्यक्षात प्रकाशाने शिकवणारं जे जे यंत्र मी आजवर पाहिलं, त्याने वर्गात आल्याबरोबर पहिली मागणी केली ती खिडक्या लावून घेण्याची.

खिडक्या लागल्या की मला भीती वाटते. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने हे लिहावं हे बरं दिसत नाही, पण वाटते.

मी चौथीत होतो तेव्हा तालुक्याहून एक गुरुजी सायकलच्या कॅरिअरला एक हिरवट लोखंडी पेटी बांधून आमच्या गावी आले. आत बल्ब होता, पुढे भिंग होतं आणि मधून चित्रांची एक पट्टी हाताने सरकवायची होती. खिडक्यांना दारं नव्हती म्हणून धानाचा बारदाना ठोकून अंधार केला. गुरुजींनी सुरुवातीलाच बजावलं की भिंतीकडे पाहायचं, पेटीकडे नाही. पेटीतल्या उजेडाकडे जो पाहील त्याचे डोळे जातील. आम्ही साठ-सत्तर पोरं मान ताठ करून भिंतीकडे पाहत बसलो.

भिंतीवर एक माणूस उमटला. त्याला कातडी नव्हती. पोट उघडं, आतडी मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. पचनसंस्था हा विषय होता. गुरुजी समजावून सांगण्यात रंगले आणि पट्टी सरकवायची विसरले. थोड्या वेळाने त्या माणसाच्या जठरात एक तपकिरी ठिपका पडला. ठिपका फुगला, त्याला बुडबुडे आले, आणि पाहता पाहता पोटाच्या जागी पांढरंशुभ्र भोक झालं. जळका वास सुटला. आम्ही एकमेकांना तुडवत बाहेर पळालो. पट्टी बल्बच्या उष्णतेने जळाली होती एवढंच, पण ते मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्या आठवड्यात मात्र जेवण झालं की मी पोटावर हात ठेवून गरम लागतं का ते बघत असे. आणि डोळे जातात, हे वाक्य माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं.

पुढे अध्यापक विद्यालयात ओव्हरहेड प्रोजेक्टर भेटला. त्याला झालरीची खोळ शिवलेली होती आणि तपासणी असल्याशिवाय ती कोणी काढत नसे. पारदर्शक कागदावर स्केचपेनने लिहायचं, तो काचेवर ठेवायचा, खालून उजेड येतो आणि वरच्या मानेतून अक्षर भिंतीवर जातं. खालच्या उजेडामुळे शिकवणाऱ्याचा चेहरा झाडीपट्टीच्या नाटकातल्या खलनायकासारखा दिसे. माझ्या परीक्षेच्या पाठाला मी घाबरून कागद उलटा ठेवला. परीक्षकांनी मान वाकडी करून सगळं वाचलं आणि शेरा दिला की आशय चांगला आहे.

नोकरी लागल्यावर मधल्या काळात शाळेत संगणक आला. तो बिघडू नये म्हणून कपाटात ठेवला. तो बिघडला नाही. नंतर कोणीतरी त्याच्यावर खडूचे खोके रचले.

मग, आता काही वर्षांपूर्वी, गावाने वर्गणी करून प्रोजेक्टर घेतला. कामठ्याच्या बाजूचं आमचं गाव, सातवीपर्यंतची शाळा, शिक्षक मोजके. यंत्र पांढरं, मिठाईच्या डब्याएवढं, दिसायला अगदी निरुपद्रवी. त्याच्यासोबत जी सूचनापुस्तिका आली ती गावात मी एकट्याने वाचली. दुसऱ्याच पानावर डोळ्याचं चित्र होतं आणि त्या डोळ्यावर तिरपी रेघ मारलेली होती. चालू असताना भिंगात पाहू नये. मी पुस्तिका मिटली. चौथीतले गुरुजी इतक्या वर्षांनी छापून आले होते.

आमच्या मुख्याध्यापकांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. माणूस सरळ. त्यांची फक्त एकच श्रद्धा होती, की उद्घाटनाशिवाय वस्तू चालत नाही. शाळेतला हातपंपसुद्धा त्यांनी नारळ फोडून सुरू केला होता. प्रोजेक्टरला मेज, मेजावर धुतलेलं कापड, समोर रांगोळी, आणि एका मुलीने ओवाळायचं, असं ठरलं. मुलगी सातवीतली निवडली. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून कायम शेवटच्या बाकावर बसणारी. अक्षर सुरेख, गणवेश स्वच्छ, आणि पाहुण्यांसमोर हसणार नाही अशी खात्रीची.

एक गोष्ट त्यांच्या आणि माझ्या दोघांच्याही लक्षात यायला हवी होती. ती मुलगी बौद्ध वस्तीतली. तिच्या घरी आजीच्या लग्नाआधीपासून कोणी कोणाला ओवाळलेलं नाही, वस्तूला तर नाहीच. तिने हातात कधी तसलं ताट धरलेलं नव्हतं. पण पाहुण्यांची गाडी गावाच्या वळणावर आली होती आणि अशा वेळी आम्हा मास्तर लोकांच्या डोक्यात फक्त गाडी असते.

मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की ओवाळताना यंत्र चालू पाहिजे, फोटोत उजेड आला पाहिजे. मी हळूच म्हणालो की सर, चालू असताना भिंगासमोर उभं राहू नये असं पुस्तिकेत लिहिलं आहे. ते म्हणाले, एका मिनिटाचा प्रश्न आहे. मी एरवी नवस, मुहूर्त, लिंबू-मिरची यांवर स्टाफरूममध्ये बऱ्यापैकी टिंगल करणारा माणूस. रिमोट माझ्या हातात होता. मी बटण दाबलं.

मुलगी ताट घेऊन यंत्रासमोर आली. हळदी-कुंकू लाव, मुख्याध्यापक म्हणाले. कुठे, तिने विचारलं. कपाळाला, ते म्हणाले, आणि पाहुण्यांच्या शालीची घडी उलगडायला वळले.

यंत्राचं कपाळ कुठे असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने दोन पावलं पुढे होऊन वाकून, अगदी जवळून, त्या डब्याचं तोंड निरखलं. मग काहीतरी लावलं आणि ताट फिरवू लागली. पहिल्या फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटलेले आले. दुसऱ्यातही. उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता म्हणून त्यांना थोडं बाजूला सरकवलं. मुलीला मात्र सांगितलं की हलू नको, डोळे उघडे ठेव, मशीनकडे बघ. पाच फोटो झाले. मी त्या वेळात रिमोट पाठीमागे धरून अंगठा बंद करायच्या बटणावर ठेवला होता. दाबला नाही. दाबला असता तर फोटो बिघडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर तारीख लिहून मी वळलो तर शेवटच्या बाकावर ती डोळे चोळत होती. काय झालं म्हणून विचारलं.

"डोळ्यापुढं हिरवा हिरवा गोळा येऊन राहिला जी," ती म्हणाली.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात तिला फळ्यावरची तारीख वाचायला सांगितली. ती उभी राहिली, डोळे बारीक केले, आणि काही दिसत नाही म्हणाली. मी तिला एक बाक पुढे आणलं. दिसत नाही. आणखी एक. दिसत नाही. मुलांना हा खेळ वाटला, सगळा वर्ग खुसुखुसू हसू लागला. दुसऱ्या बाकावरून तिला आकडे आहेत एवढं कळलं. पहिल्या बाकावरून तिने तारीख वाचली, आणि ती वाचताना मान कितीतरी पुढे काढली. मी खुर्चीवर बसलो आणि सगळ्यांना पाढे लिहायला सांगितले.

मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचलं. वाचू नये ते सगळं वाचलं. तीव्र प्रकाश, डोळ्याचा पडदा, कायमची इजा. ज्ञान हा प्रकाश आहे असं लिहून देणारा मीच, आणि हा प्रकाश एका पोरीच्या डोळ्यांत पाच फोटो होईपर्यंत ओतणाराही मीच. इतरांना माहीत नव्हतं म्हणून त्यांची सुटका होती. मला माहीत होतं. मी पान वाचलेलं होतं.

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू, त्यांना पोरीचीच काळजी वाटली. पण ती वाटून झाल्यावर दुसरी काळजी आली. ते म्हणाले की कोणाजवळ बोलू नका, आणि पालकांकडून लिहून घेता आलं तर बघा, की मुलीचे डोळे आधीपासून कमजोर होते. मी म्हणालो, आधीपासून नव्हते ना सर. तीन वर्षं मी तिला शिकवतो, वहीत एक चूक नसते. ते म्हणाले, तरी बघा.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. दोनशे पावलांचं अंतर, पण वाटेत मी दोनदा बुटाची नाडी बांधली. आई अंगणात तेंदूची पानं कापत बसली होती, विड्यांचं काम. मुलगी सुपात तांदूळ निवडत होती, सूप हनुवटीला टेकेल इतकं वर धरून. ते मी पाहिलं. पाहून काही सुचलं नाही. भ्यालेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

मी सगळं सांगितलं. यंत्र, उजेड, फोटो, बटण माझ्या हातात होतं हेही. आईने कात्री थांबवली नाही. मी संपवल्यावर एक पान पूर्ण कापलं आणि मग म्हणाली,

"गुरुजी, आमी आमच्या घरी देवाले नाही ओवाळत. तुमच्या मशीनीले कायले ओवाळाले लावलं माह्या पोरीले?"

माझ्याजवळ उत्तर होतं. पाहुण्यांची गाडी वळणावर आली होती. पण ते त्या अंगणात बोलण्यासारखं नव्हतं. मी चूक झाली म्हणालो. ती म्हणाली, चूक झाली ते दिसूनच राहिलं, आता पुढचं सांगा. मी म्हणालो, उद्या गोंदियाला डॉक्टरकडे नेऊ, मी सोबत येतो. खिशात मुख्याध्यापकांनी दिलेला कोरा कागद होता. तो मी बाहेर काढला नाही. माझ्या हातून त्या आठवड्यात झालेली बरी गोष्ट म्हणून हीच सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी ऑटोने आणि मी मागून मोटारसायकलने. ऑटोच्या मागच्या काचेतून ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी हात केला. तिने केला नाही. तिला मी दिसलोच नाही की काय, या विचाराने पुढचे दोन किलोमीटर मला रस्ता नीट दिसला नाही.

दवाखान्यात गर्दी होती. मोतीबिंदूचे म्हातारे डोळ्यांत औषध घालून रांगेने मिटल्या डोळ्यांनी बसले होते. मुलीच्या डोळ्यांतही थेंब घातले. तीही त्या रांगेत डोळे मिटून बसली, सगळ्यांत लहान. आई तिच्या शेजारी. मी समोर उभा राहिलो. बाकावर जागा होती, पण बसवेना. आतून नाव पुकारलं की माझ्या पोटात ते चौथीतलं भोक पडे.

डॉक्टर गोंदियाचेच, हिंदी बोलणारे, फार न बोलणारे. त्यांनी तिची हनुवटी यंत्राला टेकवून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या डोळ्यात पाहिलं. मी न विचारता सगळी हकिकत सांगू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग काचा बदलत बदलत भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले,

"मास्टरजी, परदा बिल्कुल ठीक है। वो हरा गोला कल-परसों में चला जाएगा। लेकिन ये नंबर आज का नहीं है। तीन-चार साल पुराना है। आपने कभी देखा नहीं?"

मी सुटलो असं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही, हात हलके झाले. मग त्यांचा प्रश्न कळला. तीन-चार वर्षं. त्यांतली तीन माझी.

बाहेर आल्यावर आई पानाच्या ठेल्यापाशी ऑटो बघत थांबली तेव्हा मी मुलीला विचारलं की फळा दिसत नव्हता तर काऊन सांगितलं नाहीस. ती विचारात पडली. जणू प्रश्नच चुकीचा होता.

"मले वाटलं, समोरच्यायनं पाहाचं रायते आन् मागच्यायनं आयकाचं," ती म्हणाली.

तिची वही निर्दोष होती कारण ती शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, आणि उरलेलं ऐकून लक्षात ठेवत होती. उंच म्हणून मागे बसवलं होतं, तेही मीच.

इकडे शाळेत प्रोजेक्टर सुरू झाला होता. मी या धावपळीत असताना मुख्याध्यापकांनी त्यावर सातवीला दोन-तीन पाठ दाखवले आणि अंधारात चमकणाऱ्या वर्गाचे फोटो ग्रुपवर टाकले. अभिनंदनाचे अंगठे आले. मी मात्र त्या खोलीत गेलो नाही. मुलीचा चष्मा तयार होऊन यायला काही दिवस लागले. तो आला त्या दिवशी मी ठरवलं की आज आपण शिकवायचं. मुलीला पहिल्या बाकावर बसवलं. खिडक्या लावल्या. बटण दाबलं. भिंतीवर पानाचा आडवा छेद आला.

"दिसतं का सगळ्यांना?" मी विचारलं.

"दिसते सर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिने चष्मा नाकावर वर सरकवला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा वर सरकवला.

"मले भुरकट दिसते जी," ती म्हणाली.

अंधारात कोणाला माझा चेहरा दिसला नाही ते बरं झालं. डॉक्टर चुकले होते. परदा ठीक नव्हता. मी तिला चष्मा काढून पुसून घालायला लावला. भुरकट. वर्गाला पुन्हा विचारलं, आणि पुन्हा सगळ्यांनी एका सुरात दिसते म्हणून सांगितलं. पस्तीस मुलांना दिसत होतं आणि एकीला दिसत नव्हतं, आणि त्या एकीच्या डोळ्यांत मी उजेड ओतला होता. मी तिला दाराशी नेलं, दार उघडलं आणि समोर ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलं आहे ते विचारलं. टाकी शाळेपासून चांगली लांब. तिने ते एका दमात वाचलं. गावाचं नाव, योजनेचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात ज्याने रंगवलं त्या पेंटरचं नावसुद्धा. ते नाव तिथे आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

मी आत आलो. भिंतीकडे पाहिलं, भीती बाजूला ठेवून, नुसतं पाहिलं. पानाचा छेद खरंच भुरकट होता. हिरवा असायला हवा तो तांबूस होता आणि सगळ्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. मला वाटलं होतं की या यंत्रात असंच दिसत असणार. मुख्याध्यापकांनाही तसंच वाटलं होतं. आणि मास्तरने दिसतं का विचारलं की दिसते म्हणायचं, हे पस्तीस मुलं पहिलीपासून शिकलेली होती. ती मागच्या बाकावर होती म्हणून तिचं ते शिकायचं राहून गेलं असावं.

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि पहिल्यांदा यंत्रासमोर जाऊन त्याचं तोंड पाहिलं. भिंगाच्या बरोबर मध्यावर बोटभर हळद आणि तिच्यावर कुंकू होतं, निरांजनाच्या काजळीसकट वाळलेलं. सांगितल्याप्रमाणे तिने ते कपाळाला लावलं होतं. त्या डब्याला पुढे तेवढी एकच गोल जागा होती.

मी रुमाल ओला करून पुसलं. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. मग पुन्हा खिडक्या लावल्या, पानाचा छेद आणला, आणि या वेळी वर्गाला न विचारता फक्त तिला विचारलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग म्हणाली की आता दिसते.

कुंकू निघालं. हळद भिंगावर बसली ती बसलीच, त्यामुळे आमच्या शाळेत हिमालयावरचा बर्फ अजूनही पिवळसर आहे.